गार पाण्याच्या लाईनीतला बोळा

कोणी 'जय भीम' जरा मोठ्याने घातला, तरी जानराव खोब्रागडे मनात म्हणायचा, याचं आज आपल्याकडे काय काम निघालं असावं? असा माणूस. भिलाईतल्या कॅम्प वन वस्तीच्या बाजारात वांगी घ्यायला बसला की वरची बाजूला सारून तळातली उपसणार, आणि तळातली हाती आली की चांगली वांगी भाजीवालीने मुद्दाम वर ठेवली होती की काय, म्हणून पुन्हा वरची घेणार. ती छत्तीसगढी बाई कपाळाला हात लावायची. "दूनो ला ले जा ददा, फेर मोला छोड़ दे," म्हणायची, म्हणजे दोन्ही ने बाबा, पण मला सोड. आजूबाजूचे हसायचे. जानरावला वाटायचं, हे हसतात कशाला? काहीतरी आहे नक्की.

पण माणूस उगाच असा होत नाही हो. भंडाऱ्याकडच्या ज्या गावात तो वाढला, तिथल्या विहिरीला हात लावायची त्याला मुभा नव्हती. वरून कोणीतरी पोहरा ओतणार, खाली आपण ओंजळ धरून उभं राहायचं. ओतणाऱ्याच्या मनात काय आहे, ते काही पाण्यात दिसत नाही. एकदा कोणी थुंकून ओतलं, एकदा कोणी ओतता ओतता हसून निघून गेलं. मग पोराला सवयच लागली, आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि मग ओंजळ पुढे करायची.

छप्पनच्या दसऱ्याला तो आणि त्याचा जिवाचा दोस्त धोंडबा रामटेके, दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परतल्यावर दोघांनी मेलेली ढोरं ओढायला साफ नाही म्हटलं. झालं! गावाने दळण बंद केलं, दुकान बंद केलं, मजुरी बंद केली. तशात कळलं की भिलाईला लोखंडाचा मोठा कारखाना उभा होऊन राहिला, हाताला काम आहे. दोघं बायकांना घेऊन निघाले. वेशीवर पाटील उभा होता. म्हणाला, "जा, जा. याल चार दिवसांत शेपूट घालून. ढोरं कुठं पळून नाही चालली." हे वाक्य जानरावच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. देव सुटले, उपासतापास सुटले, गाव सुटलं, पण संशय मात्र गाठोड्यात बांधून तो सोबत घेऊन आला.

धोंडबा म्हणजे याच्या अगदी उलट. बोलका, हसरा, विसराळू. डबा घरी विसरायचा, बिडीचं बंडल चहाच्या टपरीवर विसरायचा, आणि दुसऱ्याच्या डब्यात हात घालून जेवायचा. "आपलं काय अन् तुहं काय," म्हणायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. जानरावच्या दोन पोरी, कांता आणि चंपा, त्याच्याच अंगाखांद्यावर मोठ्या होत होत्या. धोंडबाची बायको ठकूबाई आणि जानरावची रुक्मा एकाच चुलीवर भाकरी थापायच्या. झोपडी झोपडीला लागून. मधे नुसता बांबूचा तट्टा.

दोघं आले तेव्हा पाईप खांद्यावर वाहणारे मजूर होते. उन्हात, लाल धुळीत राबून राबून ठेकेदाराकडे फिटर झाले. आता साठ साल उजाडलं होतं. लोखंड लाटणाऱ्या एका मिलच्या मोटर-रूमचं काम संपत आलं होतं. तिथे रेल्वेच्या डब्याएवढाल्या विजेच्या मोटरी बसवलेल्या. चालायला लागल्या की भट्टीसारख्या तापणार, म्हणून त्यांना गार हवा द्यायची सोय होती. ती अशी: बाजूच्या खोलीत यंत्राने पाणी बर्फासारखं गार करायचं, पंपाने ते तांब्याच्या बारीक नळ्यांच्या एका भल्यामोठ्या जाळीतून फिरवायचं, आणि त्या जाळीवर पंख्याने हवा सोडायची. त्या जाळीला सगळे कॉईल म्हणत. तिच्यापर्यंतची पाईपलाईन जानराव आणि धोंडबाच्या हातची.

आता कामाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. पाईप जोडता जोडता सुट्टी झाली की उघडं तोंड तसंच सोडायचं नाही. धूळ जाते, सरडे जातात, चिमण्या घरटं करतात. म्हणून पोत्याच्या कापडाचा बोळा करून तोंडात घट्ट कोंबायचा, हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही इतका आत. आणि नियम असा, की ज्याने बोळा घातला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचा नाही. बोळा आत राहिला आणि पाणी सुरू झालं, तर तो वाहत जाऊन कॉईलच्या तोंडाशी अडकणार, निम्म्या नळ्या बंद होणार, आणि मग साऱ्या कामाचा सत्यानाश.

कॉईलची शेवटची जोडणी चालू होती त्या दिवशी दुपारी रुक्माने शेजारच्या पोराकडून निरोप धाडला, की कांताला ओकाऱ्या होऊन राहिल्या, डोळे पांढरे करते. जानरावने हातातला पाना टाकला. "जा बे तू, मी पाहून घेतो," धोंडबा ओरडला. जानराव धावत सुटला. पोरगी दोन दिवसांत बरी झाली. जोडणी धोंडबाने एकट्याने पुरी केली होती.

पुढे मोठे साहेब लोक पाहणीला येणार असं ठरलं. मोटर-रूमची धावपळ उडाली. चुन्याच्या रेघा मारल्या, कठड्याला रंग दिला. कामावरचा ओव्हरसियर भय्याजी पाठराबे, नागपूरचा, तसा वाईट माणूस नव्हता, पण साहेब म्हटलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. पाण्याचा दाब दाखवणारी दोन गेजं होती, एक कॉईलमध्ये जाणाऱ्या लाईनीचं, एक कॉईलमधून येणाऱ्या लाईनीचं. दोन्ही खाली, पंपाच्या खड्ड्यात. "साहेब काय या तेलकट शिडीवरून खड्ड्यात उतरतील? गेज वर पाहिजे, प्लॅटफॉर्मवर, तोंडासमोर!" असं म्हणून भय्याजीने नळी लावून गेज वर न्यायला सांगितलं. तांब्याची नळी एकापुरतीच उरली होती. म्हणून येणाऱ्या लाईनीचं गेज वर गेलं, जाणाऱ्या लाईनीचं खालीच राहिलं. ते काम जानराव आणि धोंडबानेच केलं. गेजाची काच धोंडबाने आपल्या दुपट्ट्याने पुसून चकाचक केली.

मग चाचणी. पाणी कॉईलमध्ये जोराने शिरतं आणि बाहेर येताना त्याचा जोर कमी झालेला असतो. किती कमी व्हावा याचा हिशेब कारखाना उभारायला आलेल्या रशियन लोकांपैकी एका म्हाताऱ्या इंजिनियरने आधीच करून ठेवला होता. नळ्या किती लांब, किती बारीक, पाण्याचा वेग काय, वळणं किती. प्रत्येक वळण आपला वाटा घेतं म्हणे, जकात नाक्यासारखं. दाब किलोत मोजतात, आणि सगळं मिळून त्याचा अंदाज होता चार दशांश किलोचा. त्याच्याहून थोडं इकडेतिकडे चालतं. पंप सुरू झाला. खालून पंपवाल्याने आकडा ओरडून सांगितला, वर भय्याजीने आकडा वाचला, आणि वजाबाकी केली तर फरक आला पुरा एक किलोचा. अंदाजाच्या अडीचपट!

भय्याजीचा चेहरा पडला. पुन्हा पंप बंद, पुन्हा चालू. तेच. काट्यावर बोट टकटक केलं. तेच.

"आत काहीतरी अडकलंय," तो म्हणाला, आणि मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बोळा राहिला कोणाचातरी. तुम्हा लोकांना म्हणूनच नाजूक कामाला लावू नये म्हणतात."

तुम्हा लोकांना! जानरावच्या कानशिलात गरम झालं. पण बोलायची सोय नव्हती, कारण त्याच आठवड्यात ठेकेदाराचं काम संपून चांगले फिटर कारखान्याच्या पक्क्या नोकरीत घ्यायचे होते. जानराव आणि धोंडबा, दोघांचीही नावं भय्याजीकडून वर जाणार होती. पक्की नोकरी म्हणजे पुढे क्वार्टर, पोरींना शाळा, आजारपणात दवाखाना. आणि नाही मिळाली, तर? तर वेशीवरचा पाटील.

"ज्याचा बोळा असेल त्याला गेट बंद," भय्याजी म्हणाला. "उद्या एकेकाला विचारतो. तोवर विचार करून ठेवा."

त्या संध्याकाळपासून कारखान्यात नुसती कुजबुज. कोणी म्हणे बोळा नाही, मुद्दाम कोणी चिंध्या कोंबल्या, रशियन लोकांचं काम बिघडवायला. कोणी म्हणे पोलीस येणार. टपरीवर चहा पिणारे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायला लागले. अशा हवेत जानरावचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्याच्या मनात एक पाल नाही, पालींचा मेळावा चुकचुकत होता.

बोळे दोनच होते. एक त्याचा, एक धोंडबाचा. आपला आपण काढला. काढला ना? पोरीचा निरोप आला तेव्हा हात पाईपच्या तोंडाशीच होता. कापडाचा खरखरीत स्पर्श आठवत होता. पण तो घालतानाचा की काढतानाचा? या प्रश्नाजवळ आलं की जानरावचं मन बिचकलेल्या बैलासारखं मागे सरायचं आणि दुसऱ्या वाटेला लागायचं. दुसरी वाट म्हणजे धोंडबा. डबा विसरतो, बिडी विसरतो, तो बोळा नाही विसरणार? नक्की त्याचाच. शिवाय जोडणी एकट्याने त्यानेच पुरी केली.

घरी जाताना दोघं नेहमीसारखे सोबत निघाले, पण धोंडबा गप्प होता. धोंडबा आणि गप्प! जानरावने लगेच ताडलं, खाई त्याला खवखवे.

"बोलत कावून नाई बे?" जानरावने विचारलं.

"काई नाई. इचार करून राहिलो," धोंडबा म्हणाला. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाला, "जान्या, त्या दिशी पोरीचा निरोप आला, तवा तू लय घाबरला होता, नाई?"

जानराव जागच्या जागी थबकला. हा असं का विचारून राहिला? घाबरला होता म्हणजे विसरला असंल, असं याला म्हणायचंय. म्हणजे हा आपल्यावर ढकलायची तयारी करतोय!

"मी काई घाबरलो नव्हतो," तो तुटकपणे म्हणाला.

"बरं," धोंडबा म्हणाला.

संध्याकाळी ठकूबाई वाटीभर चण्याची भाजी घेऊन आली. आता ठकूबाई वाटी घेऊन यायची हे रोजचंच होतं. पण जानराव त्या वाटीकडे असा बघत राहिला, की जणू तिच्यात विषच कालवलंय.

"भाऊजी, आमच्या घरचे आज जेवले नाई," ठकूबाई म्हणाली. "काय झालं कामावर?"

"मले काय माईत? त्यालेच इचार ना," जानराव खेकसला. ती बिचारी वाटी ठेवून गेली.

रुक्मा चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "असं कावून बोलले तुमी तिच्यासंगं?"

"तुले नाई समजत. भाजी घेऊन पाठवलं तिले, आपल्या घरातलं काय ऐकू येते ते पाहाले."

"अरे बापा!" रुक्मा म्हणाली. "मधे तट्टा हाय, ऐकाले भाजी कायले लागते?"

खरं म्हणजे हसू यायला पाहिजे होतं. जानरावला आलं नाही. तट्ट्यापलीकडे धोंडबा खोकला, तोही त्याला खूण केल्यासारखा वाटला. थुत तुझी! ज्या माणसाने तुझ्या पोरी खांद्यावर खेळवल्या, त्याच्या खोकल्यावर तू पहारा ठेवतोस? पण असं त्याला कोण सांगणार, आणि सांगितलं तर सांगणाऱ्याचा हेतू काय हे तो आधी तपासणार.

दुसऱ्या दिवशी भय्याजीने पत्र्याच्या शेडमध्ये एकेकाला बोलावलं. आधी धोंडबा गेला. जानराव बाहेर उन्हात उभा. आतलं काही ऐकू येईना. पत्रा तापून तडतड करत होता तेवढाच आवाज. थोड्या वेळाने धोंडबा बाहेर आला. त्याच्या तोंडावर ओझं उतरलेल्या माणसाचा भाव होता. त्याने जानरावच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या डोळ्यांकडे मात्र बघितलं नाही.

"जा," तो म्हणाला. "काई भेव नोको ठेवू. मी समदं ठीक करून आलो."

जानरावच्या पायाखालची वाळू सरकली. समदं ठीक करून आला! डोळ्याला डोळा का देत नाही मग? सांगितलं यानं. आपलं नाव सांगितलं. स्वतः मोकळा झाला आणि आता खांद्यावर हात ठेवतो लेकाचा! त्याच्या डोळ्यांपुढे ती वेस आली, पाटील आला, पाटलाच्या मागे फुगून पडलेलं ढोर आलं. शेडचा उंबरा ओलांडेपर्यंत त्याचं ठरलं होतं.

"बोल," भय्याजी म्हणाला.

"साहेब, माहा बोळा मीनं काढला होता," जानराव म्हणाला. "मंग मी घरी गेलो. बाकीची जोडणी धोंडबानं एकट्यानं केली. राहिला असंन तं त्याचाच. त्याले तशी इसरायची सवयच हाय."

सवयीचं सांगायची काही गरज नव्हती. पण सांगून गेला. भय्याजीला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्याने नुसती मान हलवली. "हं. बरोबर आहे. जा तू."

बरोबर आहे, म्हणजे काय? धोंडबाने आपलं नाव सांगितलं असतं तर हा बरोबर आहे का म्हणेल? जानराव ते शब्द चघळत बाहेर आला, पण त्यातून त्याला रस काही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवर धोंडबाला अडवलं. जानराव आत गेला. धोंडबा गेटच्या बाहेर राहिला, डबा हातात घेऊन. त्या दिवशी नेमका डबा विसरला नव्हता. जानरावने मागे वळून बघितलं नाही, पण पाठ सारखी खाजत होती. घरी ठकूबाईने भांडी बांधायला काढली. तट्ट्यातून एकेका भांड्याचा आवाज येत होता. रुक्मा उठून तिकडे जायला लागली, तर जानराव म्हणाला, "बस खाली." ती बसली, पण त्याच्याकडे पाठ करून बसली.

पुढे कॉईलचं तोंड उघडायचा दिवस आला. नटबोल्ट खोलायला जानरावलाच लावलं. बोळा निघाला तर कोणाचा निघेल? धोंडबाचं कापड बारीक विणीचं होतं, आपलं जाड. जाड निघालं तर? शेवटचा बोल्ट निघाला, झाकण बाजूला झालं. भय्याजीने आत बॅटरी मारली, मग हात घातला, मग लांब तार घातली.

आत काहीच नव्हतं. चिंधी नाही, काडी नाही, चिमणीचं पीससुद्धा नाही. नळ्यांची तोंडं घासलेल्या पितळेच्या भांड्यासारखी चमकत होती.

बोळा नाही, मग हा एक किलोचा फरक आला कुठून? भय्याजी घामाघूम. झाकण पुन्हा बसवलं, पंप चालू केला, पुन्हा तेच. शेवटी त्याने नाइलाजाने ज्याचा अंदाज होता त्यालाच बोलावलं. म्हातारा रशियन इंजिनियर दुभाष्याला घेऊन आला, डोक्यावर उन्हासाठी रुमाल बांधलेला. त्याने आल्या आल्या पहिली गोष्ट कोणती केली असेल? पंप बंद करायला सांगितला.

पंप थांबला. पाणी जागच्या जागी उभं राहिलं. दोन्ही काटे खाली आले. म्हाताऱ्याने खालचा आकडा विचारला, वरचा स्वतः पाहिला. खालचं गेज सहा दशांशाने जास्तच दाखवत होतं.

दुभाषी म्हणाला, "साहब पूछते हैं, पानी तो खड़ा है. कहीं से बह नहीं रहा. फिर फरक किसका है?"

म्हाताऱ्याने वरच्या गेजाला लावलेल्या तांब्याच्या नळीवर बोट ठेवलं आणि ते बोट नळीवरून फिरवत फिरवत खाली खड्ड्यापर्यंत नेलं. खड्ड्यातून प्लॅटफॉर्म सहा मीटर उंच. दहा मीटर उंच पाण्याचा भार एक किलो, तर सहा मीटरचा सहा दशांश. वर नेलेलं गेज तेवढंच कमी दाखवणार. शेंबडं पोरही करील असा हिशेब. एक किलोतून सहा दशांश वजा केले की उरतात चार, म्हाताऱ्याच्या अंदाजाइतके. दोन्ही गेजं खाली खड्ड्यात एका पातळीला असती तर हे सगळं झालंच नसतं.

"साहब पूछते हैं, यह गेज ऊपर कौन लाया?"

सगळ्यांची नजर भय्याजीच्या बुटांवर गेली. भय्याजी स्वतःही तिकडेच बघायला लागला.

म्हणजे बोळा कोणाचाच राहिला नव्हता. जानरावचाही नाही, धोंडबाचाही नाही. जानराव कठड्याला धरून उभा राहिला. त्याला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू? आपण वाचलो. आणि त्या आनंदाच्या मागोमाग आठवला तो गेटबाहेर डबा घेऊन उभा राहिलेला धोंडबा.

भय्याजीमध्ये तेवढी माणुसकी होती. त्याने माणूस पाठवून धोंडबाला कॅम्पातून बोलावून घेतलं. बरं झालं, त्याची गावी परतायची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. धोंडबा आला, घामाने निथळत, दुपट्ट्याने तोंड पुसत. भय्याजीने दोघांना शेडमध्ये उभं केलं.

"तुझं नाव पाठवतो वर. दोघांचीही पाठवतो," तो म्हणाला. मग आपलीच बाजू सावरायला म्हणाला, "पण मी तरी काय करणार होतो, सांग? तू स्वतःच्या तोंडाने म्हणालास, की साहेब, बोळा माझा राहिला, जान्याला यात काही माहीत नाही. आणि तुझ्या मागोमाग यानेही तुझंच नाव घेतलं. दोघंही एकच सांगतात म्हटल्यावर संशय घ्यायला जागा कुठे होती?"

जानरावला वाटलं, पत्रा अंगावर कोसळला तर बरं होईल.

धोंडबाने त्याच्याकडे बघितलं. या वेळी बघितलं, डोळ्यांत डोळे घालून. मग भय्याजीकडे वळून म्हणाला, "बराबर हाय साहेब. आमचं आधीच ठरलं होतं तसं. त्याले दोन पोरी हायेत, मले कोणी नाई."

कधी ठरलं होतं? कुठे ठरलं होतं? त्या माणसाने दोस्ताची नाचक्की दुसऱ्यांदा आपल्या अंगावर ओढून घेतली, आणि तीही तोंडातल्या तोंडात, काही विशेष केल्यासारखं न दाखवता.

घरी जाताना जानराव वाटेत मधेच थांबला आणि म्हणाला, "धोंडबा, मले वाटलं तूनं माहं नाव सांगतलं."

"मले समजलं ते," धोंडबा म्हणाला. "मले बी वाटलंच होतं ना, तुहा बोळा राहिला म्हणून. पोरगी बिमार होती, तू धावत सुटला. मीनं म्हटलं, राहिलाच असंन." मग म्हणाला, "जाऊ दे."

दोघांनाही संशय आला होता, आणि दोघांनाही तो एकमेकांचाच आला होता. पण एकाने त्या संशयाचं काय केलं आणि दुसऱ्याने काय केलं, हे जानराव पुढे आयुष्यभर मनात घोळवत राहिला.

दोघं पक्के झाले. क्वार्टरं मिळाली, तीही एकाच रांगेत. धोंडबा पूर्वीसारखाच राहिला, तोच हसरा, तोच विसराळू. जानरावच्या डब्यात हात घालायचा, पोरींना जत्रेत न्यायचा. चंपा मॅट्रिक झाली ती धोंडबाने शाळेच्या चकरा मारल्या म्हणून. कांताच्या लग्नात पाहुण्यांना पाणी वाढत तो मांडवभर फिरला, बापापेक्षा जास्त राबला. एकदाही, चुकूनसुद्धा, त्या शेडची गोष्ट त्याने काढली नाही. ठकूबाईलाही सांगितली नसावी, कारण ती वाटी घेऊन येतच राहिली.

आणि जानराव? तो बघत राहिला. धोंडबा हसला की हा विचार करायचा, हे खरं हसू असंल का? वाटी आली की विचार करायचा, मनापासून आली असंल का? धोंडबा गप्प बसला की ह्याचा जीव वर-खाली व्हायचा, आज आठवलं असंल याला. माणूस शिक्षा देऊन मोकळा करतो, शिव्या घालतो, थोबाडीत मारतो, मग निदान हिशेब फिटतो. धोंडबाने काहीच केलं नाही, आणि जानरावचं सुटणं राहूनच गेलं.

कांताची पाठवणी झाली त्या संध्याकाळी मांडवात धोंडबा एकटाच खुर्च्या गोळा करत होता. जानराव ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत होता. रुक्मा शेजारी येऊन बसली. तिला ती गोष्ट त्याने कधीतरी सांगून टाकली होती, आणि ती त्याच्याशी महिनाभर धड बोलली नव्हती. आता मात्र तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रुक्मे," तो म्हणाला, "त्यानं मले खरंच माफ केलं असंन का वो?"

"तो काय सामोर तं हाय," रुक्मा म्हणाली. "जाऊन इचारा ना त्याले."

समोर धोंडबा खुर्चीवर खुर्ची रचत होता.

"इचारीन गं," तो म्हणाला. "पण त्यानं हो म्हटलं, तं मले ते पटंन का?"